येझदीचं गिअर ऑइल: नवं ओतण्याआधी जुनं नीट बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांची येझदी २५० कोल्हापुरात शाहूपुरीतल्या घरात जिन्याखाली दहा-बारा वर्षं उभी होती. ती तुम्ही आता चालू केलीय. इंजिन उठतंय चांगलं, पण गिअर कडक पडतात आणि सिग्नलला थांबल्यावर न्यूट्रल सापडत नाही. गिअर ऑइल बदलायचं ठरवलंय. एक मिस्त्री म्हणतो '९० नंबर टाका', दुसरा म्हणतो 'साधं २०डब्ल्यू-४० टाका', आणि बुलेटवाला मित्र म्हणतो त्याच्या गिअर बॉक्समध्ये ग्रीस भरतात. नेमकं काय टाकायचं, किती टाकायचं, आणि हे काम घरी जमेल का?

घरी जमेल. तेल २०डब्ल्यू-४० टाका, साधं मिनरल, मोटरसायकलचं, डब्यावर 'जासो एमए' लिहिलेलं. साधारण एक लिटर लागेल. एवढ्यावर उत्तर संपवता आलं असतं, पण तुमच्या प्रश्नात दोन शब्द आहेत, 'शाहूपुरी' आणि 'दहा-बारा वर्षं', आणि ते वाचून मला तेलाच्या नंबरापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत, नागाळा पार्कात शिरलं होतं. तुमच्या जिन्याखाली तेव्हा पाणी आलं होतं का? घरच्यांना विचारा. चाकं निम्मी बुडाली असतील तर इंजिनाचा तळ नक्की पाण्यात होता. आणि तसं असेल तर तुमचे गिअर कडक का पडतात याचं उत्तर नव्या तेलाच्या डब्यात मिळणार नाही. जुनं तेल खाली घमेल्यात पडेल तेव्हा ते तुमच्या डोळ्यांसमोर येईल.

आधी हे तेल कुठं कुठं फिरतं ते समजून घ्या, म्हणजे नंबरांचा वाद आपोआप मिटेल. येझदी म्हणजे म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची गाडी. १९६१ पासून तिथं जावा तयार व्हायची, १९७३ पासून तीच येझदी नावानं यायला लागली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. मूळ रचना झेकोस्लोव्हाकियाची. टू-स्ट्रोक इंजिन असल्यामुळं पिस्टनला आणि क्रँकला लागणारं तेल पेट्रोलमध्ये मिसळून जातं, ते टू-टी ऑइल. गिअर बॉक्सचं तेल त्याच्यापासून पूर्ण वेगळं. या दुसऱ्या तेलात गिअर फिरतात, इंजिनाची ताकद क्लचकडं नेणारी प्रायमरी चेन फिरते आणि क्लचही फिरतो. तिघांची खोली एकच. म्हणजे या तेलाला गिअरच्या दातांचा भार सोसायचाय, ब्राँझच्या बुशांना जपायचंय, आणि तरीही क्लच प्लेटा एकमेकींवरून घसरू द्यायच्या नाहीत. शिवाय क्लच ओढला की प्लेटा झटकन सुटायलाही हव्यात.

आता ९० नंबर. पुष्कळांना वाटतं की ९० म्हणजे ४० च्या दुपटीनं जाड. तसं नाही. गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी आणि इंजिन ऑइलची वेगळी. गिअरचं ९० आणि इंजिनचं ४० किंवा ५० हे तापल्यावर जवळपास सारखेच जाड असतात. त्यामुळं जाडीसाठी ९० टाकावं या म्हणण्यात फारसा अर्थ नाही. फरक पडतो तो त्यात मिसळलेल्या रसायनांचा. दुकानात '९० ईपी' म्हणून जे मिळतं त्यात दातांवरचा प्रचंड दाब सोसण्यासाठी गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घातलेली असतात. ट्रॅक्टरच्या, जीपच्या मागच्या एक्सलला ती हवीतच. पण त्यातलं जीएल-५ दर्जाचं तेल घेतलं तर ही संयुगं त्याहून सौम्य जीएल-४ दर्जाच्या तेलाच्या साधारण दुप्पट असतात, आणि गरम झाल्यावर गंधक तांब्याच्या मिश्रधातूंवर काम करायला लागतो. तुमच्या इंजिनात ब्राँझचे बुश आहेत. ते काळे पडतात, हळूहळू खाल्ले जातात. आणि थंडीच्या सकाळी ९० नंबर इतकं घट्ट होतं की क्लच ओढला तरी प्लेटा एकमेकींना धरून राहतात. मग पहिला गिअर टाकला की 'खाट्' आवाज, गाडीला हिसका, आणि न्यूट्रल सापडत नाही. म्हणजे आज तुमची जी तक्रार आहे तीच.

माझ्या ओळखीच्या काही जुन्या मिस्त्र्यांनी वर्षानुवर्षं येझदीत ९० टाकलं आणि गाड्या चालल्याही. तेव्हा बाजारात मोटरसायकलच्या क्लचसाठी वेगळं तेल मिळतच नव्हतं, जे हाताशी होतं ते टाकलं जायचं. आज मिळतंय, तर घ्यावं. आवाज करणारा, बेअरिंगं सैल झालेला गिअर बॉक्स असेल तर मी २०डब्ल्यू-५० टाकतो, पण तेही जासो एमएचंच.

या 'जासो एमए'विषयी दोन शब्द सांगतो, कारण दुकानदार हमखास म्हणतो, 'मालक, तेल म्हणजे तेल, न्या बिनधास्त.' कारच्या आधुनिक तेलात घर्षण कमी करणारी द्रव्यं घालतात. कारचा क्लच कोरडा असतो, त्याचा तेलाशी संबंध येत नाही, म्हणून तिथं ती चालतात. आपल्याकडं क्लच तेलातच बुडालेला. तीच द्रव्यं प्लेटांवर बसली की क्लच घसरायला लागतो. पन्हाळ्याच्या चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी तिथंच. यासाठीच जपानी कंपन्यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी मोटरसायकलच्या तेलासाठी वेगळा मानदंड ठरवला. डब्यावर 'एमए' किंवा 'एमए-२' असेल तर घ्या. 'एमबी' लिहिलं असेल तर ते गिअर नसलेल्या स्कूटरसाठी आहे, तुमच्या गाडीसाठी नाही. महागडं सिंथेटिक घ्यायची गरज नाही. जुन्या सिलांमधून आणि पॅकिंगमधून ते पाझरू शकतं, आणि या इंजिनाला त्याचा काही फायदाही नाही.

आता काम. गाडी आधी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा, रंकाळ्याला एक फेरी मारलीत तरी पुरे. तेल कोमट झालं की पातळ होतं, आणि तळाशी बसलेली घाण ढवळून वर येते. थंड तेल काढलंत तर स्वच्छ तेल बाहेर येईल आणि गाळ आतच राहील. पण थांबा. जिन्याखाली पाणी आलं होतं असं घरच्यांनी सांगितलं असेल, तर गाडी चालवू नका. उभ्या गाडीचंच तेल काढा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसलेलं असतं, आणि नट सैल करताक्षणी सगळ्यात आधी तेच बाहेर येतं. ढवळलंत तर ते तेलात मिसळून जाईल, वेगळं दिसणार नाही.

गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर घ्या. खालचा ड्रेन नट खोलण्याआधी वरचं तेल ओतायचं झाकण खोलून बघा. हे मी प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतो. ते झाकण वर्षानुवर्षं उघडलेलं नसतं, कधी आटे धरून बसलेलं असतं, कधी त्याची खाच पेचकसानं खाल्लेली असते. आधी तेल काढून टाकलं आणि मग कळलं की वरचं झाकणच निघत नाही, तर गाडी तेलाविना अडकून पडते.

मग नटाभोवतीचा चिखल रॉकेल आणि ब्रशनं साफ करा. आपल्याकडं पावसाळ्यातली लाल माती आणि गळकं तेल मिळून तिथं कडक थर जमतो. तो तसाच ठेवून नट काढला तर निम्मी माती आट्यांत जाते.

नट काढायचा तो रिंग पान्यानं किंवा बॉक्स पान्यानंच. ॲडजस्टेबल पाना आणि पक्कड लांब ठेवा. इंजिनाचा कास्टिंग ॲल्युमिनियमचा आहे, नट लोखंडी आहे, आणि इतक्या वर्षांत दोघांचं जमून गेलेलं असतं. निघत नसेल तर जोर वाढवू नका, उष्णता द्या. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळं नटाभोवतीचा भाग गरम झाला की आटे सैल होतात. त्यासाठी उकळत्या पाण्यात बुडवलेलं फडकं पिळून थोडा वेळ तिथं धरलं तरी बहुतेक वेळा काम होतं. स्टोव्हची, गॅसची ज्योत अजिबात नको, वर पेट्रोलची टाकी आहे. त्यानंतर नट आधी किंचित आवळायच्या दिशेनं हलवा, एकदा 'कट्' झालं की मग सोडा. येझदीचे नटबोल्ट मिलिमीटरचे आहेत, त्यामुळं पाना शोधायला त्रास होत नाही.

एवढं करूनही आटे नटाबरोबर बाहेर आले तर घाबरू नका. आपल्या शिवाजी उद्यमनगरात ज्याला आटे दुरुस्त करता येत नाहीत असा लेथवाला सापडणं अवघड. आटे पाडून स्लीव्ह बसवून मिळते, हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) मिळते. फक्त एक सांगतो. कोणी 'एक साईज मोठा बोल्ट पिळून बसवू' म्हणाला तर नको म्हणा. तिथला कास्टिंग पातळ असतो, चिरला तर इंजिन उतरवून वेल्डिंगला न्यावं लागतं.

आता तेल पडतंय. खाली स्वच्छ पांढरं घमेलं किंवा जुना डबा ठेवा, काळा नको. काळ्या भांड्यात काही दिसत नाही. आणि इथं घाई करू नका. सगळ्या कामात खरी महत्त्वाची पाच मिनिटं हीच.

सुरुवातीला आधी स्वच्छ पाण्याची धार आली, किंवा तेल ताकासारखं पांढुरकं निघालं, तर आत पाणी गेलेलं आहे. मग तुमच्या कडक गिअरचा उलगडा असा: येझदीच्या क्लच प्लेटांना कॉर्क असतो. कॉर्क पाण्यानं फुगतो, मधल्या पोलादी प्लेटांना गंज चढतो, आणि वर्षानुवर्षं दाबून ठेवलेल्या त्या प्लेटा एकमेकींना चिकटतात. क्लच ओढला तरी त्या पूर्ण सुटत नाहीत. इंजिन गिअरला ढकलतच राहतं, आणि म्हणून न्यूट्रल सापडत नाही. कोणत्याही नंबरचं तेल टाकलं तरी गंज जाणार नाही. पुराचं पाणी असेल तर त्यात बारीक गाळही असतो, आणि तो बेअरिंगच्या गोळ्यांमध्ये बसतो. अशा वेळी माझा सल्ला सरळ आहे: डावं कव्हर खोला, क्लच उतरवा, प्लेटा बघा. कव्हरचं पॅकिंग आणि प्लेटांचा संच एवढाच खर्च. बेअरिंग हातानं फिरवून बघा. खरखरत असेल तर इंजिन उतरवावंच लागेल, आणि ते आत्ता केलेलं बरं.

पांढुरकेपणा अगदी थोडा असेल, झाकणाच्या आतल्या बाजूला फक्त फेस दिसत असेल, तर तो पुराचा नसेलही. गाडी रोज दोन-दोन मिनिटं चालू करून बंद केली की इंजिन पुरतं तापत नाही, हवेतला ओलावा आत थंड होऊन तेलात उतरतो. उभी गाडी 'जिवंत ठेवण्यासाठी' रोज किक मारणाऱ्यांच्या गाडीत हे नेहमी दिसतं. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा नीट पंधरा-वीस किलोमीटर चालवा.

तेल काळं आणि जळकट वासाचं असेल, त्यात तपकिरी कण असतील, तर क्लच घसरत होता आणि कॉर्क झडतोय. वास पेट्रोलचा येत असेल आणि तेल पाण्यासारखं पातळ असेल तर क्रँकच्या ऑइल सीलकडं बघा. या इंजिनात क्रँकची पोकळी आणि क्लचची खोली यांच्यामध्ये तेवढं एक रबरी सील उभं असतं. इतकी वर्षं उभ्या गाडीत ते वाळून कडक होतं. पिस्टन खाली येताना पेट्रोलचं मिश्रण तिकडं ढकललं जातं आणि पिस्टन वर जाताना गिअरचं तेल इकडं ओढलं जातं. सायलेन्सरमधून ढगासारखा धूर, प्लग सारखा ओला, आणि खाली एक थेंबही न गळता गिअर बॉक्समधलं तेल कमी होतंय, असं असेल तर ते तेल तुमच्या सायलेन्सरमधून निघून चाललंय. लोक अशा वेळी पेट्रोलमधलं टू-टी कमी करतात, धूर कमी व्हावा म्हणून. तसं कधीही करू नका. धूर गिअर ऑइलचा असतो, आणि टू-टी कमी केल्यानं पिस्टन धरतो.

मग चुंबक घ्या. जुन्या स्पीकरमधला असला तरी चालेल. तेल घमेल्यात थोडा वेळ निवू द्या, वरचं दुसऱ्या डब्यात ओता आणि तळातल्या गाळातून चुंबक फिरवा. चुंबकाला करड्या रंगाची मऊ पेस्ट लागली तर ती नेहमीची झीज आहे, काळजी नको. बोटाला टोचतील असे तुकडे, चपट्या खपल्या लागल्या तर गिअरचा दात किंवा डॉग (गिअर एकमेकांत अडकवणारा खुंट) तुटतोय. चुंबकाला न चिकटणारी, उन्हात सोनेरी चमकणारी पूड म्हणजे ब्राँझचा बुश झिजतोय. न चिकटणारी पण चांदीसारखी चमक म्हणजे ॲल्युमिनियम, कुठंतरी काहीतरी कास्टिंगला घासतंय, बहुधा लांबलेली प्रायमरी चेन. सोनेरी पूड चिमूटभर असेल तर गाडी चालवा, पण पुढच्या वेळी पुन्हा बघा. वाढली तर गिअर बॉक्स खोलायची वेळ आली.

तेल पडत असताना गाडी हळूच डावी-उजवीकडं कलवा, स्विच बंद ठेवून दोन-चार वेळा किक सावकाश फिरवा, म्हणजे चेनमध्ये, क्लचमध्ये अडकलेलं तेलही खाली येतं. अर्धा तास गळू द्या. रॉकेल किंवा डिझेल ओतून धुवायचा मोह होईल. अनेक गॅरेजमध्ये तसं करतात, इंजिन चालूही करतात. मी करत नाही. रॉकेल बुशांच्या आत, कोपऱ्यांत राहतं, आणि तिथं नवं तेल पोहोचण्याआधी धातूवर धातू फिरतो. आत घाण फार असेल तर स्वस्तातलं २०डब्ल्यू-४० टाका, शंभर-दीडशे किलोमीटर चालवा, गरम असतानाच काढून टाका. पाणी गेलेल्या गाडीला हे दोन-तीनदा करावं लागतं, पांढुरकेपणा पूर्ण जाईपर्यंत. दोन-तीन लिटर तेलाचे पैसे जातात, पण बेअरिंग वाचतात.

ड्रेन नटाचा वायसर तांब्याचा असेल तर तो फेकू नका. दाबून दाबून तांबं कडक होतं. चिमट्यात धरून गॅसवर लालसर होईपर्यंत तापवा, निवू द्या, पुन्हा मऊ होतो. फायबरचा असेल तर नवा घ्या, चिल्लर पैशात मिळतो. आट्यांना नळाची पांढरी टेप गुंडाळू नका. तिचे तुकडे तेलात जातात, आणि टेपमुळं नट किती आवळला याचा हाताला अंदाज येत नाही. एम-सील तर कधीच नको, पुढच्या मालकाला छिन्नी-हातोडा घ्यावा लागतो. पाना टोकाला न धरता मध्ये धरा आणि मनगटाच्या जोरावर आवळा. पाइप लावून आवळायचा हा नट नाही.

नवं तेल मापाच्या भांड्यात घेऊन नरसाळ्यानं हळूहळू ओता. आधी नऊशे मिली टाका, पाच-दहा मिनिटं थांबा, क्लचमध्ये तेल मुरू द्या, मग लेव्हल बघा. तुमच्या इंजिनाला लेव्हलचा वेगळा स्क्रू असेल तर तो काढून तेल छिद्राच्या काठाशी येईपर्यंत ओता, झाकणाला काडी असेल तर काडीवरच्या खुणेपर्यंत. या गाड्यांना इतक्या वर्षांत वेगवेगळी कव्हरं बसवलेली असतात, त्यामुळं बाटलीवरच्या आकड्यापेक्षा लेव्हलची खूण खरी माना. 'थोडं जास्त असलेलं चांगलं' हा समज सोडा. जास्त तेलात क्लच ओढ धरतो, गिअर पुन्हा कडक होतात, आणि जादा तेल सिलांमधून मागच्या चेनवर येतं.

आता क्लच, कारण तेल कितीही चांगलं टाकलं तरी क्लचची सेटिंग चुकलेली असेल तर तक्रार तशीच राहील. येझदीत एक खुबी आहे जी दुसऱ्या देशी गाड्यांत सहसा नव्हती. गिअरचा दांडा दाबला की आतून क्लचही थोडा उचलला जातो. जुनी माणसं हँडलचा क्लच न धरता गिअर बदलायची ते याच्याच जिवावर. ही यंत्रणा आणि हँडलची केबल या दोघांची सेटिंग एकमेकांना जुळलेली लागते. एक सैल असेल तर क्लच अर्धवट उचलला जातो. लिव्हरला थोडीशी मोकळी हालचाल ठेवून केबल बसवा. केबल जुनी असेल तर नवीच टाका, आतली तार तुटत आलेली असते.

दोष क्लचचा की गिअर बॉक्सचा, हे ओळखायची सोपी चाचणी सांगतो. इंजिन बंद ठेवून गाडी थोडी पुढं-मागं हलवत एकेक गिअर टाका. बंद गाडीत गिअर मऊ पडत असतील, न्यूट्रल सहज सापडत असेल, आणि इंजिन चालू केल्यावरच अडचण येत असेल, तर दोष क्लचमध्ये. बंद गाडीतही गिअर अडत असेल, किंवा पडलेला गिअर चढावर सुटून येत असेल, तर आतला गिअर सरकवणारा फोर्क किंवा डॉग झिजलेत. तुमच्या वर्णनावरून मला पहिली शक्यता मोठी वाटते. आणि रोज सकाळी चालू करण्याआधी क्लच ओढून धरा आणि स्विच बंद ठेवून दोन-तीन किका मारा. रात्रभर चिकटलेल्या प्लेटा सुटतात. कॉर्क प्लेटांच्या प्रत्येक गाडीला ही सवय लागतेच.

तेल बदलल्यावर पाच-सहा किलोमीटर चालवा, सगळे गिअर वरखाली करा, मग गाडी उभी करून खाली वर्तमानपत्र पसरा. तासाभरानं लेव्हल पुन्हा बघा आणि कागदावर डाग कुठं पडलाय ते बघा. आजची लेव्हल कागदावर तारखेसह लिहून ठेवा आणि दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा मोजा. सील खराब आहे की नाही हे त्या दोन आकड्यांतून कळेल. इतकी वर्षं उभ्या असलेल्या गाडीचं पहिलं तेल मी तीनशे किलोमीटरच्या आत काढतोच, ते कितीही स्वच्छ दिसलं तरी. त्यानंतर वर्षातून एकदा, पावसाळा संपला की. दसऱ्याला गाडी पुजतो, त्याच्या आधी तेल बदलायचं.

काढलेलं तेल गटारात ओतू नका. आपली गटारं, जयंती नाला, शेवटी पंचगंगेलाच मिळतात. कायद्यानंही वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. मोठ्या गॅरेजमध्ये जुन्या तेलाचं बॅरल असतं, ते तेल गोळा करणारे घेऊन जातात. कॅनमध्ये भरून तिथं नेऊन द्या.

राहिला तुमच्या मित्राच्या बुलेटचा प्रश्न. तो खोटं सांगत नाही, पण ती गोष्ट येझदीला लागू नाही. उजव्या पायानं गिअर पडणाऱ्या जुन्या चार गिअरच्या बुलेटमध्ये गिअर बॉक्स इंजिनापासून वेगळा डबा आहे आणि क्लच त्यात नाही, तो डावीकडं चेन केसमध्ये आहे. त्यामुळं तिथं क्लच घसरायची भीती नाही, आणि तो डबा मुळातच घट्ट बंद होत नसल्यानं पातळ ग्रीस भरायची पद्धत पडली. पण आज पुष्कळ जण त्यात चाकाच्या बेअरिंगचं घट्ट ग्रीस कोंबतात. ते चूक आहे. गिअर फिरले की त्या ग्रीसमध्ये चर पडते, ग्रीस कडेला बसून राहतं आणि दात कोरडे फिरतात. मित्राला सांगा, ९० नंबरचं जीएल-४ टाक. फार गळत असेल तर त्यात थोडं डबल झिरोचं, ओतता येईल असं पातळ ग्रीस मिसळ. डावीकडच्या चेन केसमध्ये मात्र ९० अजिबात नको, तिथं क्लच आहे. त्यात इंजिनचं तेल जातं. आणि बुलेटला मिलिमीटरचे पाने लावू नका. जुन्या बुलेटचे बरेचसे नटबोल्ट इंग्लिश मापाचे आहेत, मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि नटाचे कोपरे गोल करून ठेवतो. इंग्लिश मापाचे रिंग पाने लक्ष्मीपुरीत किंवा उद्यमनगरात विचारलेत तर मिळून जातील.